वाहता तट

मे महिन्यातली सकाळ. तारकर्लीच्या वाळूत तुम्ही अनवाणी उभे आहात आणि पिशवीत खोबरेल तेलाची बाटली आहे. जानेवारीत पुण्याला हीच बाटली आंघोळीआधी गरम पाण्याच्या तांब्यात उभी करावी लागायची. इथे झाकण काढलं की तेल तळहातावरून थेट मनगटाकडे धावतं. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. पुण्याची थंडी त्या आकड्याच्या अलीकडची, तारकर्लीचा मे पलीकडचा. काल रात्री ज्या बांगड्यावर तुम्ही ताव मारलात, त्याची चरबी मात्र फ्रीजमध्येही अशी दगड होत नाही.

नारळ आणि बांगडा एकाच ताटात येतात, पण त्यांच्या स्निग्ध रेणूंची घडण निराळी. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या सरळसोट, रसायनशास्त्राच्या भाषेत संपृक्त. त्या एकमेकींना खेटून बसतात आणि जरा गारवा मिळाला की थिजतात. बांगड्याच्या पुष्कळ साखळ्यांत अधूनमधून दुहेरी बंध असतात आणि प्रत्येक दुहेरी बंधापाशी साखळीला बाक येतो. बाकदार साखळ्यांना खेटून बसता येत नाही, म्हणून गारठ्यातही त्या हलत्या राहतात. एवढा बाक ध्यानात ठेवा. आज पुढे जे दिसणार आहे ते बरंचसं त्याच्यामुळे आहे.

होडी खडकांजवळ थांबते. "श्वास तोंडान घ्या, घाबरू नका," पाठीवर टाकी चढवणारा मुलगा सांगतो आणि पाण्यात हात बुडवून स्वतःशीच पुटपुटतो, "औंदा पाणी गरम आसा." तुम्ही उतरता. या प्रवासात दोन सवलती आहेत: काळ हवा तिकडे वळवता येतो आणि अंगकाठी हवी तेवढी बारीक करता येते. पोवळ्यांकडे नंतर येऊ. आधी मागे चला.

डोकं पाण्याबाहेर काढता तेव्हा होडी नाही, टाकी नाही, किनाऱ्यावर एकही निवास-न्याहारीची पाटी नाही. नोव्हेंबर १६६४. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर छिन्न्यांचा आवाज चाललाय. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या कामाला हात घातलाय आणि पायाच्या दगडांत शिसं ओतलं जातंय. वितळलेलं शिसं चकाकत फटींत उतरतं आणि बघता बघता थिजतं. तटाचा सगळा भरवसा त्या थिजण्यावर. लाटा साडेतीनशे वर्षं आपटत राहिल्या तरी हा तट उभा राहणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्या पाथरवटांना नाही.

त्याच महिन्यात तिकडे लंडनमध्ये रॉयल सोसायटीने रॉबर्ट हूकच्या 'मायक्रोग्राफिया' या पुस्तकाला छपाईची परवानगी दिली. बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरून हूकने त्यात कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटलं. पण त्याला दिसल्या त्या मेलेल्या बुचाच्या रिकाम्या भिंती. आतला जीव केव्हाच गेलेला, आणि जीव असताना त्याची जी खरी हद्द होती, ते पेशीपटल, हूकच्या भिंगाला दिसणं शक्यच नव्हतं. पटलाची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. मालवणात काय आणि लंडनात काय, त्या हिवाळ्यात सगळ्यांची नजर भिंतींवरच होती.

अडीचशे वर्षं झरझर पुढे. १९२५, हॉलंडमधलं लायडन. गॉर्टर आणि ग्रेंडेल तांबड्या रक्तपेशींतली सगळी चरबी काढून पाण्यावर पसरतात. तिचा थर पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरतो. म्हणजे पटल दुपदरी आहे: चरबीच्या रेणूंची डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या, म्हणजे त्यांच्या स्निग्ध साखळ्या, आत एकमेकींकडे. गंमत अशी की त्यांना सगळी चरबी काढता आली नव्हती आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमीच धरला होता. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. असं नशीब संशोधनात फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

वाटेत मे १९३० मध्ये थोडा वेळ शिरोड्याला थांबा. तारकर्लीहून किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की वेंगुर्ल्याच्या पुढे हे गाव लागतं. मिठागरावर सत्याग्रहींची गर्दी आहे, मूठभर मीठ उचललं की पोलिसांच्या काठ्या पडताहेत. तुम्ही मात्र वाकून पाण्याकडे बघा. मिठागर जगात कुठलंही असो, उन्हात आटत आटत शेवटच्या कप्प्यांत पाणी इतकं खारट होतं की बहुतेक जीव तिथे टिकत नाहीत. जे टिकतात, त्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यांमुळे पाण्याला लालसर, गुलाबी झाक येते. ही झाकही ध्यानात ठेवा. काठ्या चुकवत निघा.

पुढचा थांबा थंड. १९५० नंतरचं डेन्मार्कमधलं आरहूस, आणि समोर टोपलीभर किनारी खेकडे. येन्स स्कौ नावाचा डॉक्टर, शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेला, खेकड्यांच्या पायांतले मज्जातंतू सोडवून काढतोय. कुर्लीचे पाय तुम्हीही काल फोडलेत, पण रश्शात बुडवायला. स्कौला बघायचंय की जागा बधिर करणारी औषधं पटलावर नेमकं काय करतात. तंतू वाटून केलेल्या लगद्यात त्याला एक विकर सापडतं. पेशीचं इंधन असलेलं एटीपी ते फोडतं, पण पूर्ण जोमाने तेव्हाच, जेव्हा सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असतात. १९५७ साली त्याने हे छापलं. तो पटलातला पंप होता. एका एटीपीच्या बदल्यात तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. खेकड्यात, बांगड्यात, आणि हे वाचताना तुमच्या मेंदूत तोच चालू आहे. नोबेल मात्र १९९७ मध्ये मिळालं, चाळीस वर्षांनी.

तोवर पटलाचं चित्र थिजलेलंच होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळी, पांढरी, काळी अशा तीन रेघा दिसायच्या, आणि मधे चरबी व दोन्ही अंगांनी प्रथिनांचा लेप असं मानलं जायचं. नीटनेटकं, स्थिर. थोडक्यात, अजून तटच.

आता १९७०, बाल्टिमोर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्राय आणि मायकेल एडिडिन उंदराची पेशी आणि माणसाची पेशी सेंदाई विषाणूच्या मदतीने एकमेकींत विलीन करतात. उंदराच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना हिरवा चकाकता रंग, माणसाच्या प्रथिनांना लाल. जोडपेशी भिंगाखाली येते: अर्धी हिरवी, अर्धी लाल, मधे स्वच्छ हद्द. आता दुसरी सवलत वापरा. आक्रसत जा. केसाएवढे, मग जिवाणूएवढे, मग त्याहून हजारपट लहान, आणि त्या हद्दीवर उतरा.

पायाखाली पटलातल्या चरबीच्या रेणूंची, फॉस्फोलिपिडांची, डोकी आहेत, पाण्याने भिजलेली, विद्युतभारित. पाय घसरला की तुम्ही शेपट्यांच्या दाटीत पडता. तिथे पाण्याचा टिपूस नाही, सगळं तेलकट, आणि एकही शेपटी स्थिर नाही. काही सरळ, काही बाकदार. बाकदार आहेत तिथे जरा मोकळी जागा. शेजारी कोण हे विचारायच्या आत शेजारी बदललेला असतो, सेकंदाला कोटभर वेळा. एखाद्या रेणूला धरून राहा: सेकंदभरात तो एका जिवाणूच्या लांबीएवढं अंतर भटकून येतो. पण वरच्या पदरातून खालच्या पदरात त्याला उडी मारायला सांगा, जमणार नाही. भिजलेलं डोकं घेऊन या तेलातून आरपार जायचं म्हणजे तासन् तास लागतात, कधी दिवसही. त्यासाठी पेशीने वेगळी प्रथिनं ठेवली आहेत. मधेमधे कोलेस्टेरॉलचे आखूड, ताठ रेणू घुसलेले आहेत. उष्णतेत ते शेपट्यांची वळवळ आवरतात, आणि गारठ्यात त्यांना गच्च बसू देत नाहीत. रक्ताच्या अहवालात बदनाम झालेला हा रेणू इथे बिनबोभाट कामाचा आहे.

आणि प्रथिनं? ती तुमच्यासमोर डोंगराएवढी उभी आहेत, दोन्ही पदरांच्या आरपार गेलेली. हिरवी डावीकडे, लाल उजवीकडे. तापमान ३७ अंश. हलक्या हलक्या धक्क्यांनी एक हिरवं लाल मुलखात सरकतं. मग दुसरं. मग उलट दिशेने एक लाल. चाळीस मिनिटांत हद्द पुसून गेलेली असते आणि बहुतेक जोडपेशींवर दोन्ही रंग सगळीकडे विखुरलेले असतात. एडिडिन पुन्हा करून बघतात. पेशीला नवी प्रथिनं बनवू न देणारी विषं घालतात, एटीपीचा पुरवठा तोडतात, तरी रंग मिसळतातच. कोणी ढकलत नाही, इंधन जळत नाही. नुसती ऊब पुरते. मग भांडं थंड केलं जातं. १५ अंशांच्या खाली गेलं की तुमच्या भोवतालच्या शेपट्या जडावतात आणि हिरवं हिरव्यात, लाल लालमध्ये अडकून राहतं. पुण्याच्या त्या बाटलीत जानेवारीत हेच घडत होतं.

दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, सिंगर आणि निकोल्सन यांनी 'सायन्स' नियतकालिकात या सगळ्याला एक नाव दिलं. मराठीत त्याला प्रवाही नक्षीचं प्रारूप म्हणता येईल. त्यांनी प्रथिनांची दोन घराण्यांत वाटणी केली आणि ती ओळखायची रीतही सरळ ठेवली. पटल चांगल्या खारट पाण्याने धुऊन काढा; जी सुटून येतात ती परिघीय, पृष्ठभागाला विद्युतभाराच्या ओढीने नुसती चिकटलेली. जी खाऱ्या पाण्याला दाद देत नाहीत, ज्यांना काढायला साबणासारख्या द्रव्याने चरबीच विरघळवावी लागते, ती अंगभूत. त्यांचा मधला पट्टा पाण्याला भिणारा असतो आणि त्या तेलकट गाभ्यातच त्याला करमतं. पुढे तिसरं घराणंही मानलं गेलं: स्वतः पाण्यातच राहणारी, पण चरबीची एक दोरी पटलात रोवून बसलेली.

सगळीच प्रथिनं मोकाट फिरतात असंही नाही. मालवणच्या बंदरात काही होड्या सुट्या हेलकावतात, काही नांगर टाकून असतात, आणि मोठ्या होडीच्या कडेला एखादी लहान होडी बांधलेली असते. पटलात तिन्ही प्रकार आहेत. नांगर म्हणजे पेशीच्या आतला तंतूंचा सांगाडा. तांबड्या रक्तपेशीत स्पेक्ट्रिन नावाचं परिघीय प्रथिन आतून तो विणतं. सिंगर-निकोल्सनच्या चित्रात पटल जरा जास्तच मोकळं वाटतं. खरं पटल प्रथिनांनी गजबजलेलं आहे. कित्येक पटलांत वजनाने निम्मा वाटा प्रथिनांचाच असतो.

आता शिरोड्याची ती गुलाबी झाक आठवा. त्याच मीठखाऊ कुळातल्या एका सूक्ष्मजीवाच्या पटलावर जांभळे पट्टे असतात, आणि त्यांत एकच प्रथिन ओळीने रचलेलं असतं, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. १९७५ मध्ये केंब्रिजला हेंडरसन आणि अन्विन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचा त्रिमितीय नकाशा काढला. पटलात बसलेलं प्रथिन दिसतं कसं, याचा तो पहिला नीट नकाशा. सात मळसूत्री दांडे, एकमेकांशेजारी उभे, पटलाच्या आरपार. ऊन पडलं की हे प्रथिन प्रोटॉन बाहेर फेकतं, आणि त्या जोरावर तो जीव इंधन बनवतो. तुमच्या डोळ्यांत उजेड टिपणाऱ्या प्रथिनाचेही दांडे सातच. मूठभर मिठासाठी डोकी फुटत होती त्या पाण्याच्या तोडीच्या पाण्यात हे यंत्र कोट्यवधी वर्षं चालत आलंय.

परत चला. मे, तारकर्ली, टाकी पाठीवर. सिंधुदुर्गाभोवतीचं हे पाणी मालवण सागरी अभयारण्यात येतं. १९८७ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं आहे. समोर पोवळी आहेत: पोराइट्सचे गोल गठ्ठे आणि टर्बिनॅरियाची पानं. पाय ठेवू नका. फोटोसाठी पोवळ्यावर टेकणारे लोक रोज येतात आणि त्यांना ते दगड वाटतात, याचा मला खरंच संताप येतो. एका गठ्ठ्याचा वरचा भाग पांढरा पडलाय. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांवर असं विरंजन नोंदवलेलं आहे. पांढरं पडलं म्हणजे मेलं नव्हे. घरातला पाहुणा गेला आहे.

आक्रसत आत शिरा, पण पांढऱ्या भागात नको, अजून तपकिरी आहे तिथे. प्रवाळाच्या पेशीत, तिने स्वतःच्या पटलाची पिशवी करून जपलेलं एकपेशीय शैवाल बसलेलं आहे. आत येताना त्याच्या पृष्ठभागावरची साखर प्रवाळाच्या प्रथिनांनी चाचपून पाहिली होती. ओळख पटली म्हणून ते पचवलं गेलं नाही. शैवालाच्या आत आणखी उतरलात की थायलाकॉइडच्या चकत्या लागतात. याही पटलाच्याच, प्रथिनांनी ठासून भरलेल्या. उजेड टिपणारी संकुलं अंगभूत. त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉन घेऊन धावणारा एक लहान तेलकट रेणू पटलातून वाहत जातो. पटल पुरेसं पातळ नसेल तर तो वेळेत पोचणार नाही. फार पातळ झालं तर पटलाने अडवून धरलेले प्रोटॉन झिरपून जातील आणि संकुलं ढिली पडतील.

आज पाणी तापलंय आणि तुम्हाला ते पायाखाली जाणवतंय. शेपट्यांची वळवळ वाढली आहे. झिरप सुरू होते. उजेड येतच राहतो, पण त्यातून इंधन नीट बनत नाही. इलेक्ट्रॉन भरकटून प्राणवायूवर जाऊन आदळतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जाळणारी रसायनं तयार होतात. ती शैवालातून बाहेर, प्रवाळाच्या पेशीत झिरपतात. यजमान पाहुण्याला बाहेर काढतो. पांढरा डाग आणखी पसरतो.

२००४ मध्ये डॅन चेर्नोव, पॉल फाल्कोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उष्णतेत तगणाऱ्या शैवालांच्या थायलाकॉइडमध्ये सरळ, संपृक्त साखळ्यांचं प्रमाण जास्त असतं; लवकर कोलमडणाऱ्यांत बाकदार साखळ्या जास्त. पुढच्या अभ्यासांत हा नियम सगळ्या शैवालांना सरसकट लागू पडला नाही, पण पटल हा उष्णतेचा घाव बसण्याचा एक बिंदू आहे एवढं त्यातून उरलंच. खोबरेलाकडे झुकणारे टिकले, बांगड्याकडे झुकणारे गेले, असं मला लिहावंसं वाटतं, आणि ते थोडं अतिसोपं आहे हेही दिसतं.

कारण जीव काही एकाच घडणीवर बसून राहत नाहीत. १९७४ मध्ये मायकेल सिनेन्स्कीने जिवाणूंत पाहिलं की वाढीचं तापमान बदललं तर ते साखळ्यांचं मिश्रण बदलतात आणि पटलाचा दाटपणा जवळजवळ तोच राखतात. गारठा आला की बाक वाढवायचे, उष्मा आला की सरळ साखळ्या वाढवायच्या. कार्प मासा थंड पाण्यात टाकला की त्याच्या यकृतात बाक घालणारं विकर वाढतं. ते विकर स्वतःच पटलातलं अंगभूत प्रथिन आहे. मातीतल्या एका जिवाणूत डेस-के नावाचं प्रथिन पटलात आरपार बसून त्याची जाडीच मोजतं. पटल थिजून जाड झालं की ते आत निरोप पाठवतं: बाक घाला. पटलाचा प्रवाहीपणा हा तापमानाशी सतत चालणारा व्यवहार आहे, आणि तो व्यवहार करायला वेळ लागतो. ऋतू सावकाश बदलतात तोवर निभतं. समुद्र काही आठवड्यांत नेहमीच्या वर चढून तिथेच ठाण मांडून बसला, तर घडण बदलेपर्यंत पाहुणा हाकलला गेलेला असतो.

आता काळ थोडाच पुढे ढकला. जून संपत आलाय, होड्या वाळूवर ओढून ठेवल्यात, आणि देवबागला जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तुम्ही गढूळ पाण्यात बुडालेले आहात. घाटावर कोसळलेला पाऊस खाडीत उतरतोय. सकाळी खारट असलेलं पाणी दुपारी मचूळ. तुमच्यासमोर एक चोणक आहे, रायगडातले लोक ज्याला जिताडा म्हणतात तोच. त्याच्या कल्ल्यात शिरा.

समुद्रात असताना कल्ल्यातल्या खास पेशींचं काम मीठ बाहेर टाकण्याचं. रक्ताच्या बाजूच्या पटलात स्कौचा पंप सोडियम हुसकावून दरी तयार करायचा. त्या दरीतून परत घसरणाऱ्या सोडियमचा हात धरून एक वाहक प्रथिन क्लोराइडला पेशीत ओढायचं. आणि पाण्याकडच्या पटलात एक वाहिनी उघडून ते क्लोराइड बाहेर सोडायची. पंप, वाहक, वाहिनी, तिघं वेगवेगळ्या घडणीचे, एकाच पेशीच्या पटलातले. ही वाहिनी सीएफटीआर कुळातली. माणसात हीच बिघडली की फुफ्फुसांत चिकट कफ साठणारा सिस्टिक फायब्रोसिस होतो.

पण आता बाहेर गोडं पाणी आलंय आणि तेच काम जिवावर बेतेल. पाण्याकडच्या पटलातून त्या वाहिन्या काढून घेतल्या जातात. त्यांच्या जागी पावसाच्या पाण्यातले विरळ क्षार वेचून आत घेणारी प्रथिनं बसू लागतात, रक्ताच्या बाजूचा पंप चालूच राहतो, फक्त आता तो आत आलेलं सोडियम रक्तात पोचवतो. वरून पुराचा लोंढा येतोय, चोणक शेपटी मारून त्याच्या दिशेने वळतो, आणि तुम्हाला त्याच्या कल्ल्यातून बाहेर पडायची घाई करावी लागते.